पोज, पंचेचाळीस मिनिटं

छाती पुढे, पोट आत, हनुवटी वर.
पहिल्या दिवशी मी तसाच उभा राहिलो,
दांडिया बाजारच्या आखाड्यात
चाळीस वर्षं पोरांना उभं केलं तसा.
तोरल म्हणाली, काका, आ तो फोटो थई गयो.
नुसते उभे राहा ना,
बसची वाट बघता तसे.

फाइन आर्ट्सच्या मागच्या स्टुडिओत,
लाकडी चौथऱ्यावर, लंगोट लावून,
हर्नियाच्या टाक्यांसकट
मी बसची वाट बघू लागलो.

अकरा पोरं कोळशाने कागद खरवडत होती.
बाहेर कुठेतरी मोर ओरडला, बडोद्याचे मोर वेळ पाळत नाहीत.
पंधराव्या मिनिटाला मांडी थरथरली.
हीच मांडी, एरंडेल पिऊन शिसवीसारखी झालेली,
हिच्यावर सगळा देह उलटा तोलायचो
आणि खाली लोक श्वास धरायचे.

मूठ उघडा, काका.
ती मिटलेली आहे हे मला ठाऊकच नव्हतं.
उघडली.
उघड्या हाताचं काय करायचं
हे कोणी शिकवलेलं नाही.
तो मांडीशी लोंबत राहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

हेरंब खांबावरून पडला, मनगट मोडलं,
नऊ वर्षांचा होता.
ओठ हलले तेव्हा मी म्हणालो,
रडलास तर पुन्हा चढवीन.
नाही रडला.
मी तरी चढवला.
आता सुरतेला असतो. फोनवर हवापाणी बोलतो.

सुट्टीत चहा घेऊन कागदापाशी गेलो.
चेहरा जवळजवळ नव्हताच.
खांदा तीनदा काढलेला, तीन जागी,
चुकलेले दोन तसेच ठेवलेले.
रबर नाही का तुझ्याकडे?
आहे की. पण तुम्ही हललात ना, काका.

हातावर मात्र तिने फार वेळ घालवला होता.
जाड, काळी, वाकडी बोटं,
काही मागणारी.
मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही,
असं सांगणार होतो तिला.
चहा संपवला.

पुढच्या पोजला मांडी थरथरली
तशी थरथरू दिली.

घरी हिने विचारलं, आज काय केलंत?
उभा होतो.
पायांना तेल लावून देऊ?

एरवी नको म्हणतो.