ओळ दोनशे सतरा

यशवंत कोयंड्यांची जागा म्हणजे
देवळाच्या कळसावर जळका सुरू येऊन बसला
आणि उत्तरेला खडपाची पाठ अर्धी बुडाली, की तिथे.
वडिलांनी एकदाच दाखवली, बोट न दाखवता.
जावई विचारायचा, तेव्हा काका तंबाखू मळायचे.

त्यांच्या फोनमध्ये आमचं ॲप मीच घातलं.
आमचं म्हणजे माझं, दाभोळच्या नाहिद मुकादमचं,
आणि पुल्पो-४४ म्हणून चिलीच्या किनाऱ्यावर कुणी आहे, त्याचं.
वारा, भरती, लाटेची उंची. पैसे नाहीत, जाहिरात नाही.
कोड उघडा: वाटेल त्याने वाचावा,
उसवलं दिसेल तिथे टाका घालावा.
दिवसा मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
रात्री हे.

नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या आठवड्यात
तीन अनोळखी बोटी नेमक्या तिथे उभ्या,
दिव्यांचा असा लखलखाट की आचऱ्याच्या वाळूतून वाटावं
समुद्रात कुणाचं तरी लग्न आहे.
चौथ्या रात्री काळोख. पाचव्या दिवशी काकांच्या गळाला
एक इसवण नाही.

"तूच सांगलंस मा?"
मी म्हटलं, मला जागा माहीतच नाही.
खरं होतं ते. मला नव्हती.
फोनला होती.

नऊ दिवस बर्फ न्यायला पुतण्या येत राहिला.

दहाव्या रात्री अडीचला (तिकडे संध्याकाळ असावी)
पुल्पोने विचारलं:
दोनशे सतरावी ओळ कुणाशी बोलते?

नकाशा काढायला मी एक आयता तुकडा आणला होता,
तोही उघडाच, हजारो लोक वापरतात,
म्हणजे कुणीतरी वाचलाच असेल
असं हजारांनी धरलेलं. मीही.
ती ओळ दर दहा मिनिटांनी, अगदी नम्रपणे,
होडी कुठे आहे ते टिपून ठेवायची,
आणि किनारा लागून रेंज आली
की सगळं एकदम एका पत्त्यावर ओकायची.
'सेवा सुधारण्यासाठी', शेजारी लिहिलं होतं.
पत्त्यामागे कंपनी, कंपनीमागे विकाऊ नकाशा,
नकाशात आमच्या गावासमोर एक लाल ठिपका,
साखर तपासताना बोटावर येतो तेवढा.

ओळ काढली. नोंदीत लिहिलं: चूक माझी, शोध पुल्पोचा.
खाली नाहिदने लिहिलं: मीही वाचली नव्हती.
ती नोंद जगात कुणालाही दिसते. राहील.
काकांपर्यंत मात्र चालत जावं लागलं.

रापण ओढून झाली होती, वाळूवर वाटे पडत होते.
मी ओळ सांगितली, पत्ता सांगितला, ठिपका सांगितला.
ते जाळ्यातून शेवाळ काढत राहिले.
"आणि ह्या सापडवल्यान कोणी?"
नाव माहीत नाही.
"बाई का बापयो?"
तेही नाही. सांगत नाही तो. किंवा ती.
"शाणो असा," काका म्हणाले,
आणि दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

मग एक वाटा जास्त पाडला:
अकरा बांगडे, त्यातला एक पोटात फुटलेला.
कुणी काही विचारायच्या आत
"दोरयेक हात लायल्यान मा? मगे तेचो वाटो."

चिलीला बांगडे कसे धाडणार.
मी तळले, फोटो काढला,
फोटोतून गाव पुसलं, वेळ पुसली, मग पाठवला.
पुल्पोचं उत्तर एवढंच:
फुटलेला कुणी खाल्ला?

मी.

ओळ काढली म्हणून मासे परतत नाहीत.
काकांचा फोन आता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतो,
झाकण घट्ट, वर सुतळी.
हल्ली त्यांची होडी पहाटे दक्षिणेला वळते.
किती दक्षिणेला, ते कळायच्या आत
मी पाठ फिरवते.