वहीचं मागचं पान

सहा दिवस फेरी नाही.
खाडीच्या तोंडाशी बर्फाच्या लाद्या येऊन बसल्यात
वसुलीला आलेल्या माणसांसारख्या, हलायचं नाव नाही.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला रस्ता येत नाही,
आणि क्लेमच्या दुकानात उरलंय काय,
मोहरीच्या बाटल्या, मेणबत्त्या, कुत्र्याचं खाणं
आणि तेच वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचणारा क्लेम.

तरी केक करायचाच. ड्रुसिलाला आज एकाहत्तरावं लागलं.

तिची वही मी चुलीजवळ उघडून ठेवतो.
डाव्या पानावर शाळकरी, गोल अक्षर:
चार अंडी, कपभर ताक, पाव किलो लोणी.
उजव्या पानावर चाळीस हिवाळे,
पेन्सिलीनं, घाईघाईनं, मधूनच पिठाचा अंगठा:

अंडं नाही – दोन मोठे चमचे ताजा बर्फ. शेवटी घाल, घोटू नकोस, लगेच भट्टीत.
लोणी नाही – खारवलेल्या डुकराची चरबी.
ब्राउन साखर नाही – पांढरीत काकवी, एल्ड्रेडच्या बुटांचा रंग येईपर्यंत.
ताक नाही – दुधात चमचाभर व्हिनेगर, दहा मिनिटं गप्प बस.

दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणे लोक.
आमच्याकडे ताकाची दुधावर,
आणि दूधही डब्यातलं.

डाव्या पानाचा केक या घरात एकदाच झाला,
मुलीच्या लग्नात, सगळं सामान वेळेवर आलं तेव्हा.
लोकांनी खाल्ला, छान म्हणाले,
आणि माझ्या वहिनीनं ड्रुसिलाला हळूच विचारलं,
काही घालायचं राहिलं का गं?

सप्टेंबरात तिच्या डोक्यात एक शीर तुंबली.
हेलिकॉप्टरनं नेलं, बोटीनं परत आणलं.
हात चालतो. पायही, जरा ओढत.
शब्द मात्र फळीवर सापडत नाहीत,
मग हाताला येईल तो शेजारचा उचलते.
'मला तो रविवार दे,' म्हणते, शालीकडे बघत.
मिठाला म्हणते पाहुणे.
खिडकी लावायची असली की 'गाय झोपव.'
आमच्याकडे गाय कधीच नव्हती.

शहरातली बाई फोनवर सांगते,
चूक लगेच सुधारा, बरोबर शब्द वदवून घ्या.
आठ दिवस केलं.
ती रडली.
मी लाकडांच्या खोपटात जाऊन.
नवव्या दिवशी वही उलटी धरली
आणि मागच्या पानापासून लिहायला लागलो,
तिच्याच रीतीनं:

रविवार नाही – शाल.
गाय – खिडकी.
पाहुणे – मीठ.
शिडी – चहा, पण सकाळचाच. संध्याकाळच्या चहाला अजून काही सापडलेलं नाही.

आज खोपटामागे, कुत्रा जात नाही तिथे,
वाडगं घेऊन ओणवा झालो
तर खिडकीच्या काचेवर टकटक:
'वरचा घोडा! वरचा घोडा घे!'
वरचावरचा घेतला.
कालवताना तिनं मनगट धरून थांबवलं माझं,
बरोबर जिथे थांबायला हवं होतं तिथे.
मनगट धरायला शब्द लागत नाही.

केक मध्ये जरा बसला.
एकाहत्तर मेणबत्त्या क्लेमकडे होत्या, मी चार आणल्या.
पहिला घास तिनं बराच वेळ तोंडात ठेवला
आणि मग, अगदी पूर्वीच्या आवाजात:
'विल्फ, यात पाहुणे फार झालेत.'

चरबी खारवलेली.
आणि मी वर मीठही घातलं होतं.

विल्फ तिचा थोरला भाऊ. आमच्या लग्नाच्या आधीच
जाळी ओढायला गेला, होडी तेवढी आली.
'हो,' म्हटलं, 'फारच झालेत.
पण आता आलेत तर राहू देत.'
ती हसली. अजून एक तुकडा घेतला.

रात्री भांडी विसळून मागच्या पानावर लिहिलं:
विल्फ – मी.
आणि प्रमाण लिहिल्याशिवाय ती कधीच ओळ सोडत नसे, म्हणून पुढे,
एकास एक.