चार सेकंद जास्त

कोत्का बंदरातल्या जुन्या थिएटरात
दर जानेवारीत, पारा उणे वीसच्या खाली गेला की
'लाल बोया' लावतात.
एकशे सत्तावीस खुर्च्या, त्यातल्या नऊ मोडक्या.
लोक लोकरी मोजे चढवून येतात, थर्मासातून कॉफी आणतात,
नायकाच्या आधीच त्याची वाक्यं बोलून टाकतात.
विसाव्या मिनिटाला खलाशी टोपी भिरकावतो,
तेव्हा निम्मं थिएटर आपापली टोपी भिरकावतं.
दिवे लागले की मग टोप्यांवरून भांडणं.

पण सगळे येतात ते फेरीच्या प्रसंगासाठी.
फेरी सुटते, अकॉर्डियन सुरू होतं,
जेमतेम दोन मिनिटं.
तालावर बूट आपटतात, लाकडी जमीन घुमते.
ताउनो म्हणतो, वर प्रोजेक्टरसुद्धा हलतो,
म्हणून तेवढा वेळ तो त्याला कवेत धरून उभा राहतो.

ते अकॉर्डियन माझ्या वडिलांचं.
आउलिस कोर्पेला, गोदी कामगार, क्रेन नंबर चार.
निर्मात्याला प्रसंग रडका वाटला होता,
कुणीतरी म्हणालं, कँटीनमध्ये एकजण बरं वाजवतो.
एक दुपार, पन्नास मार्क, वर माशाचं सूप.
श्रेयनामावलीत नाव नाही.
त्याचं त्यांना काही नव्हतं.
भाता डावीकडे फाटला होता
आणि ती फुसफुस पडद्यावर ऐकू येते,
याची मात्र जन्मभर लाज.

आईही त्याच प्रसंगात. धक्क्यावर, गर्दीत,
डोक्याला निळा रुमाल, कडेवर दुसऱ्याचंच मूल
(मी तापाने घरी होते).
पापणी लवली की निसटते.

यंदा दिग्दर्शकाची आवृत्ती आली.
स्वतः दिग्दर्शकही आले, ब्याऐंशीचे,
काठी टेकत पडद्यासमोर उभे राहिले. म्हणाले,
कापलेली अकरा मिनिटं परत जोडलीत, शेवट बदललाय,
आणि मला न विचारता चिकटवलेलं ते संगीत
पन्नास वर्षांनी खरवडून काढलंय.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
माणसाचं आपल्या कामावर एवढं तरी चालावं.

फेरी सुटली.
सगळ्यांनी सवयीने पाय उचलले
आणि ते तसेच अधांतरी राहिले.
वारा. दोरखंडाची करकर. लांब कुठेतरी कुत्रं.
मग एकेक बूट हळूच खाली आला,
प्रार्थना सुरू झाल्यावर चर्चमध्ये शिरतात तसा.
मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, गप्प झालं.

तेव्हा आई आली.
मी मोजलं, चार सेकंद जास्त.
ती फेरीकडे बघतच नव्हती.
मूल रडत होतं, ती त्याची पाठ थोपटत होती,
कॅमेऱ्याला पार विसरून,
आणि वाऱ्याच्या फटीतून तिचा आवाज,
इतकी वर्षं अकॉर्डियनखाली दबलेला:
झालं रे, झालंच आता.

हेच ती मला म्हणायची,
गुडघ्यातला काटा काढताना, इंजेक्शनच्या वेळी.
आणि शेवटच्या आठवड्यात बाबांना,
ते ऐकत नसताना.

खरं सांगायचं तर प्रसंग आता चांगला झालाय.
बाबा असते तर त्यांना हे सांगितलं असतं का, माहीत नाही.
त्यांनी बहुतेक एवढंच विचारलं असतं,
मग ती फुसफुसही गेली ना?

बाहेर दिग्दर्शक गाडीची वाट बघत होते,
नाकाला रुमाल लावून.
जावं, नाव सांगावं, असं वाटलं.
काय सांगणार?
तुम्ही आईला चार सेकंद दिलेत आणि
वाक्य पुरं होईना, तोवर गाडी आली.

ताउनो कुलूप लावून खाली उतरला,
टोप्या शोधणारे दोघंतिघं अजून आत होते.
म्हणाला, नवं यंत्र, ते कशाला हलतंय.
तरी दोन मिनिटं मी आपला
धरून उभा होतो.