गजांमधलं अंतर

गुडघा बदलून झाला फेब्रुवारीत.
आता जिना.
धरायला भक्कम काहीतरी हवं, डॉक्टर म्हणाले,
डाव्या हाताला, वरपर्यंत.
आमचा कठडा दुधाच्या दातासारखा हलतो,
आणि वळणावर तो धरायचाच नाही
हे आम्ही भावंडं कुणी न शिकवता शिकलो.

पांचाळ गोणपाटात नमुने घेऊन आला.
एकेका पायरीवर एकेक उभा केला,
कवायतीला मुलं उभी करावीत तसा.
स्टीलचा पाइप. माहीमची हवा खारी, बाई,
ह्याला गंज नाही.
काळा चौकोनी, लोखंडी.
बिडाचा एक, द्राक्षांचे घोस लगडलेला,
तो बघून मी हसले, तर त्याने तो निमूट आत ठेवला.
शेवटी सागवानी, कातीव,
रे रोडच्या वखारीतल्या जुन्या तुळईतून काढलेला:
खाली पोट, वर मान, मानेला दोन कंगोरे.
भाची फोनवरून म्हणाली, काच लाव, मावशी.
काचेवर बोटं उठतात, म्हटलं.
खरं म्हणजे चढताना माझे पाय
मला दिसायला नको होते.

मग त्याने जुने गज मोजले. सव्वीस.
प्रत्येकाला धरून हलवलं.
हा नववा वेगळा दिसतो, म्हणाला,
आणि हलत नाही तो हा एकटाच.

नववा खाटेचा पाय आहे.

बहात्तरचा मे महिना. जयवंत चार वर्षांचा, कान मोठे.
डोकं आत गेलं, बाहेर येईना.
खोबरेल झालं, साबण झाला,
शेजारच्या चुरीकाकूंनी वाटीभर तूप आणलं.
आई पलीकडच्या बाजूने त्याला बिस्किटं भरवत राहिली,
जणू तो आता तिथेच राहणार होता.
बाबा गोदीतून आले, करवत घेतली,
आणि करवत नि गालाच्या मधे
स्वतःचा डावा तळवा धरून
गज कापला.
रात्री खाटेचा पाय उपटून तिथे ठोकला.
खाट मग दिवाळीपर्यंत तीन पाय नि चार विटांवर.
तिच्यावर बाबाच झोपत.

रंग की पॉलिश?
पांचाळने पटाशीने एक गज खरवडून पाहिला.
तपकिरी, तो ताईच्या लग्नाचा.
त्याखाली पिस्ता. त्याखाली मळकं क्रीम.
सगळ्यात खाली राखाडी, जहाजाचा.
गोदीतून बाबांनी डबा
रिकामा कधी आणला नाही.

रविवारी जयवंत आला.
सत्तावन्न वय, टक्कल, कान तेवढेच.
जिन्यात बसला, नमुना हातात घेऊन फिरवला,
अंतर किती ठेवतोस, विचारलं.
चार इंच, पांचाळ म्हणाला,
लहान मुलाचं डोकं जायला नको.
या घरात आता लहान मूल कोण?
आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून
चहा थंड केला.
चारच ठेव, जयवंत म्हणाला.

तर सागवान ठरला, कातीव,
पॉलिश चपडीचं, चकचकीत नको.
सात हात मारावे लागतील, म्हणाला, घाई करायची नाही.
पहिला हात लाकूड पिऊन टाकतं.
दुसराही.
तिसऱ्याला ते जरा मान वर करतं.
घरभर स्पिरिटचा वास,
दोन कावळे सज्जावर येऊन परत गेले.

नवव्याला हात लावू का, त्याने विचारलं,
तेव्हा मी स्वयंपाकघरात होते.
काय बोलले ते आठवत नाही,
बहुधा काहीच नाही.

बिलात लिहून आलं:
सागवानी गज, नग पंचवीस, हात सात.
खाली, वेगळ्या शाईने:
जुना नग एक, राखाडीवरूनच,
हात एक.
पैशांच्या रकान्यात नुसती रेघ.

दोन दिवस धरू नका, ओला आहे, म्हणाला.
दोन रात्री मी खालीच झोपले.