वावडं

गवत कापणं हा आमचा तीन पिढ्यांचा धंदा,
आणि मला गवताचंच वावडं.
व्हरमाँटमध्ये जूनच्या दुसऱ्या आठवड्यात
टिमथीला तुरे येतात
आणि ट्रॅक्टरच्या आधी मी सुरू होतो,
सात, आठ, कधी अकरा.
कुत्रा उठून अंगणाच्या टोकाला जाऊन बसतो.
डोळे असे की बँकेतल्या बाईनं एकदा
हात धरून विचारलं, कोण गेलं?

हल्डा प्रेंटिसनं आमच्याशी बोलणं टाकलं होतं,
बापानं बांधावरचा मेपल पाडला तेव्हापासून.
मेपल तिचा की आमचा, हे मेपललाच ठाऊक,
आणि त्याची तर दोन हिवाळ्यांत राख झाली.
बाप गेला तेव्हाही ती आली नाही.
फक्त दफनाच्या सकाळी आमच्या वाटेवरचा बर्फ
कुणीतरी फावड्यानं बाजूला केलेला होता.

मग एकदा बांध ओलांडून आली,
रबरी बूट, हातात काचेची बरणी, तोंडाला फडकं बांधलेली.
"तुझ्या शिंकांनी माझ्या कोंबड्या अंडी घालेनात."
अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

बरणीत पडीक सफरचंदांचं व्हिनेगर,
निवलेल्या चहासारखं गढूळ,
आणि त्यात तरंगत काहीतरी,
सायीला जीव फुटावा तसं.
"ही आई. हिला फेकू नकोस."
दोन चमचे, पेलाभर पाणी, थोडा मध,
अनशापोटी, उभ्यानं.
बसून घेतलं तर काय होतं ते तिनं सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.

पहिल्या घोटाला कानशिलं झिणझिणली, दात आंबले.
गोठ्याच्या दारावर खडूनं मी शिंका मांडल्या:
नऊ, नऊ, सात, दहा.
सातला तिनं मान डोलावली.
दहाला म्हणाली, वारं उलटं होतं.

गावातली डॉक्टर पोरगेली, पण हसली नाही.
म्हणाली, यानं ॲलर्जी जाते असं काही सिद्ध झालेलं नाही,
घ्यायचंच तर पाणी घालून घ्या, दात झिजतात.
आणि मसुरीएवढ्या पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

चौथ्या दिवशी, ट्रॅक्टर बंद करून खाली उतरलो
आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी
मला माझ्या गवताचा वास आला.
काय सांगू, तसाच उभा राहिलो.
बापाच्या शर्टाला यायचा तो हा होता तर.

हल्डाला वाटलं, तिची बरणी.
मी वाटू दिलं.
गोळी आत, ओट्यापाशी घ्यायची;
व्हिनेगर बाहेर, बांधाशी, साडेसहाला,
पेला रिकामा होताना ती बघत असायची.
मग कोंबड्यांचं काही, गुडघ्याचं काही,
एकदा बापाचंही:
शाळेत असताना तिच्या डब्यात त्यानं बेडूक ठेवला होता.
हसली नाही, पण उशिरापर्यंत थांबली.

त्या हिवाळ्यात तिच्या तळघरातली बरणी गोठून फुटली.
एप्रिलमध्ये मी माझ्यातला अर्धा पापुद्रा काढला,
कोटाच्या आत धरून निघालो.
बांधावरच्या खुंटाला लाल कोंब होते.
तिथून मेपल चालू झाला की काय, देव जाणे,
आणि गोळी नेमकी घरी राहिलेली.

तिनं दार उघडलं.
माझे दोन्ही हात बरणीला.
सहा. सात. आठ.

तिनं आधी आई घेतली, उजेडात धरून पाहिली,
मग मला.
"तीन चमचे कर," म्हणाली.