मधला टप्पा

पोर्टसॉय ते बकी. एका दमात नव्हे.
नेटीचे गुडघे म्हणतील तेवढंच,
मग चढण चढून डांबरी रस्ता गाठायचा
आणि बसने घरी.
वार गुरुवार, कारण गुरुवारी बसवर डॉड असतो,
आणि तो थांबा नसला तरी थांबतो.

सुचवलं मी. एकतीस वर्षं आम्ही दोघी बहिणी
मासळीच्या शेडमध्ये पाठीला पाठ लावून हॅडक कापत होतो.
समुद्र पाहिला तो बर्फाच्या पेटीत.
म्हटलं, आता जिवंत बघू.

पहिला टप्पा दीड मैल.
दुसरा जरा कमीच; वारा तोंडावर
आणि एक गाय वाटेतून हलेना.
नेटी तिच्याशी बराच वेळ बोलली,
माझ्याशी आठवड्यात बोलते त्याहून जास्त.

नकाशा बिस्किटांच्या डब्यात.
घरी आलं की चहाआधी डबा उघडायचा,
चाललेल्या वाटेवरून पेन्सिल फिरवायची.
हे काम माझं. नेटी टोक काढून देते.

सँडएंडला मात्र ती वाळूतच थांबली.
पश्चिमेच्या कड्यांकडे न बघता म्हणाली,
"पुढच्या खेपेला कलनपासून धरू."
"आणि मधलं?"
ती बूट उलटा धरून झटकत राहिली,
त्यातली वाळू संपली तरी.

आमचे वडील बोटीवर सामन म्हणत नसत.
त्या माशाचं नाव तोंडातून निसटलं
की धावत लोखंडाला हात लावायचा.
त्या दोन कड्यांमधल्या पुळणीचं नाव
नेटी तसंच घेत नाही.
ती अकराची होती, मी चारची.
मला आठवतो ओल्या लोकरीचा वास
आणि स्वयंपाकघरात दाटलेली माणसं,
खुर्च्या असून कुणीच न बसलेली.
तिला काय आठवतं, तिने सांगितलं नाही.
त्या सकाळी ती कुठे होती, तेही नाही.

तर कलनपासून पुढे.
रेल्वे नसलेला रेल्वेचा पूल,
खाली गोल्फवाले, त्यांच्या डोक्यावर ओरडणारे कुरव.
वाटेभर गॉर्स फुललेला, पिवळा, सगळा काटा,
आणि वास मात्र ओल्या खोबऱ्याचा.
पोर्टनॉकीपाशी धुकं असं आलं
की मी नेटीच्या पिशवीचा बंद धरून चालले,
लहानपणी धरायची तसा.

पाटीवर फिंडॉख्टी, तोंडात फिनेख्टी.
तिथे हेक्टर म्हणून एक म्हातारा
घराच्या दगडांमधल्या रेघा पांढऱ्या रंगवत बसलेला.
"कुठून आलात चालत?"
"पोर्टसॉयहून."
"आज?"
"नाही. मार्चपासून."
त्याने ब्रश डब्यात बुडवला,
विचार केला, म्हणाला,
"घाई चांगली नाहीच."

बकीला पोचलो सप्टेंबरात.
धक्क्यावर चिप्स खाल्ल्या. एका समुद्रपक्ष्याने
माझ्या हातातली शेवटची चिप नेली.
नेटी म्हणाली, "झालं."
मी काही बोलले नाही. माझ्या डोक्यात
ती चार बोटांची मोकळी जागा होती.

घरी डबा उघडला. बकीपर्यंत रेघ ओढली,
आणि मग, उगाच, मागे मागे बोट नेत गेले.
सँडएंड ते कलन: निळी रेघ.
बॉलपेनची. हात थरथरलेला.
त्या पुळणीपाशी शाई साचून ठिपका झालेला,
पेन तिथे टेकून कुणी बराच वेळ बसावं तसा.

दाराशी तिचे बूट. लेसमध्ये अडकलेला गॉर्सचा काटा.
बकीच्या वाटेवर आज गॉर्स नव्हता.
मंगळवारी ती दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणाली होती.
म्हणजे वाट तिची पुरी झाली.
माझी नाही.

"दात कसा आहे?" मी विचारलं.

"काढला," नेटी म्हणाली,
आणि किटली ठेवली.