आवाजाला सुट्टी

डॉक्टर म्हणाले, एकवीस दिवस.
कुजबुजसुद्धा नाही, त्यानं जास्त बिघडतं.
घशात दोन गाठी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या.
पडद्यावर दाखवल्या तेव्हा परशराम वाकून बघत राहिला,
शेजारणीचं नवं बाळ बघावं तसा.

तेव्हापासून घरात पाटी आहे, रेवतीची, फुटक्या कोपऱ्याची.
'मीठ कमी.'
'गॅस बंद केलास?'
'चिडलो नाही.'
हे शेवटचं त्यानं दोनदा गिरवलं.

मामंजी तीस वर्षं उद्यमबागेत, फौंड्रीत.
डावा कान तिथंच राहिला, कुठल्यातरी साच्यात.
मुलगा गायला लागला की तोच कान पुढं करायचे
आणि म्हणायचे, "चांगलं म्हणतोस, खरं शब्द कळत नाहीत."
आता चष्मा शोधून पाटी वाचतात.
दिवसातून चारदा विचारतात,
"काय म्हणाला?"

'तिसरं गेट' हे बँडचं नाव.
शेड रुळांपासून चाळीस पावलांवर.
मालगाडी आली की बाकीचे तिघं थांबायचे, विडी पेटवायचे.
हा थांबायचा नाही.
गाडीच्या वरताण ओरडत राहायचा
आणि शेवटचा डबा गेला की
तोच सूर एकदम उघडा पडायचा,
न्हाणीघराचं दार वाऱ्यानं उघडावं तसा.
ते मी कुंपणापलीकडून ऐकलं. फसले ती तिथंच.

धारवाडात म्हणाले, कन्नडात म्हण की.
कोल्हापुरात म्हणाले, कर्नाटकातनं आलास,
त्या मानानं मराठी बरी आहे तुझी.
दोन्हीकडं पैसे पेट्रोलपुरते.

खरे पैसे एकदाच मिळाले. तीन हजार, रोख,
कचऱ्याच्या गाडीसाठी.
'हसि कस, ओण कस, बेरे बेरे माडि.'
सासूबाई बैलहोंगलच्या. रात्रभर उच्चार घोटून घेतले,
"माडी नव्हे रे, माडि. आखूड कर.
जिना चढूलास काय?"

आता रोज सव्वासातला तो गल्लीत येतो,
मोठ्यानं, भोंग्यातनं,
आणि इथं चुलीपाशी बशीत चहा ओतत
गप्प बसलेला असतो.
रेवती दोन बादल्या घेऊन धावते.
पाचव्या दिवशी ओरडली,
"आलो पप्पा, आलो!"
ड्रायव्हर हसला. मीही हसले.
बशीतला चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून बसप्पा गाडी
आमच्या दारात थोडी जास्त थांबवतो.
वाक्य एकदा जास्त वाजतं.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

काल परशराम उंबऱ्यावर आला. ऐकलं.
पाटी मागितली, लिहिलं,
'खालचा सूर लागलेला नाही.'
मी म्हटलं, कचऱ्याला चालतो.
खांदे हलले त्याचे. हसण्याला बंदी आहे का
हे विचारायचं राहूनच गेलं.

सात दिवस उरलेत.
सासूबाईंना पहिली हाक 'अव्वा' अशी हवी.
मामंजी म्हणतात, डाव्या कानात काहीतरी म्हण,
काहीही. रेवतीला गोष्ट, राक्षसाच्या आवाजासकट.
बँडवाले दोघं येऊन गेले, बोलले क्रिकेटवर.

रात्री त्यानं माझ्यापुढं पाटी धरली.
'तुला?'
मी ओलं फडकं घेतलं, पाटी पुसली,
कोपरे नीट कोरडे केले
आणि परत त्याच्या हातात दिली.